समोरचे संवाद वाचणारा

जिन्यावर बसलेला तो माणूस आपल्यासारखाच कामाच्या शोधातला नट आहे, असं मार्नी पावलाकनं ठरवून टाकलं, ते त्याच्या पायांकडे बघून. बूट चकचकीत होते आणि मोजे दोन वेगळ्या जोड्यांतले. स्टुडिओ सिटीतल्या त्या दुमजली इमारतीत, भर सकाळी, मागच्या जिन्यावर बसून, मांडीवर संवादांचा कागद ठेवून ट्यूना सँडविच खाणारा माणूस दुसरा कोण असणार?

बाहेर भुरभुर पाऊस होता. लॉस एंजलिसमध्ये चार थेंब पडले की निम्मं शहर घरी बसतं आणि उरलेलं निम्मं एकमेकांच्या गाड्यांवर जाऊन आदळतं. मार्नी त्या दुसऱ्या निम्म्यातून कशीबशी सुटून आली होती. केसांची पार वाट लागलेली, आणि आत नाव पुकारायला अजून दहा मिनिटं.

"सरका जरा," ती म्हणाली. तो सरकला.

"पहिलीच वेळ वाटतं?"

"कशाची?"

"ऑडिशनची हो. चेहऱ्यावर लिहिलंय. घाबरू नका. आत इनेझ म्हणून बाई बसतात ना, कलाकार निवडणाऱ्या, त्या वाघिणीसारख्या दिसतात पण चावत नाहीत. खरी पंचाईत आहे ती रीडरची."

"रीडरची?"

"आपण आपले संवाद बोलायचे, आणि समोरच्या पात्राचे कागदात बघून वाचायला एक माणूस बसवलेला असतो, तो. इथला म्हणे अगदी मेलेल्या माशासारखा वाचतो. त्याच्याकडे बघूच नका तुम्ही. त्याच्या मागच्या भिंतीकडे बघा."

तो हातातल्या सँडविचकडे क्षणभर बघत राहिला. मग त्यानं ते हळूच कागदात गुंडाळून ठेवलं.

"मेलेला मासा," तो म्हणाला. "बरं झालं सांगितलंत."

दहा मिनिटांनी मार्नी आत गेली. टेबलामागे इनेझ कार्डोना, टेबलापुढे कॅमेरा, आणि कॅमेऱ्याच्या कडेला उंच स्टुलावर... दोन वेगळ्या जोड्यांतले मोजे.

"हा एमेट लिंडक्विस्ट," इनेझ म्हणाली. "तुझ्यासमोर हा वाचेल."

"भिंत ह्या बाजूला आहे," एमेट अतिशय नम्रपणे म्हणाला.

ते काम मार्नीला मिळालं नाही. ओलीस धरलेल्या बाईनं दरोडेखोराकडे बघून सारखं हसायचं नसतं.

*

पुढच्या तीन वर्षांत तो माणूस चौदा वेळा तिच्यासमोर बसला. पाच वेळा तो तिचा नवरा होता. त्यात दोनदा ती त्याला सोडून गेली आणि एकदा तिनं त्याला विष घातलं. दोनदा दातांचा डॉक्टर, एकदा फरारी कैदी, एकदा तिची आजी. एकदा तर कुत्रा. त्या दिवशी त्याच्या वाट्याला नुसतं 'भो' आलं होतं, आणि ते त्यानं अशा तोललेल्या आवाजात वाचलं की मार्नी हसून हसून खाली बसली. कुत्र्यांच्या बिस्किटांची ती जाहिरात तिला मिळाली.

बाकी ह्या तीन वर्षांची कमाई बेताचीच. एका दवाखान्याच्या मालिकेत नर्स, वाक्यं दोन. एका पोलिसी मालिकेत प्रेत, वाक्य अर्थातच नाही. तो भाग तिच्या गावी, टोलीडोला, तिच्या आईनं अख्ख्या गल्लीला बोलावून दाखवला आणि फोनवर म्हणाली, "अगं, काय निपचित पडली होतीस! पापणीसुद्धा हलली नाही. लहानपणी तुला पाच मिनिटं एका जागी बसवता यायचं नाही." एका विनोदी मालिकेत ती शिडी मागायला येणारी शेजारीण होती. चार भाग झाले, आणि लेखकांनी शेजारणीला फ्लोरिडाला राहायला पाठवून दिलं.

एवढ्या काळात मार्नीला एक गोष्ट मात्र कळून चुकली होती. एमेट वाईट वाचत नव्हता. तो मुद्दाम तसं वाचत होता. नटाला समोर बघून बोलायचं असतं, म्हणून रीडरचे डोळे जागे हवेत. पण निवड व्हायची असते ती नटाची, म्हणून आवाज सपाट. खोलीतून बाहेर पडल्यावर ज्याचा चेहरा कुणाला आठवत नाही तो उत्तम रीडर. एमेट उत्तम रीडर होता. मार्नीला मात्र त्याचा चेहरा अलीकडे फारच आठवायला लागला होता.

पण रीडरशी सलगी करायची नाही, हा त्या धंद्यातला न लिहिलेला नियम. केली तर वशिला लावला म्हणतात. त्यामुळे तीन वर्षांत दोघांनी एकमेकांचा फोन नंबर मागितला नव्हता. जिन्यावर आठ-दहा मिनिटं भेटायचं, एवढंच. जिन्याला कुणी सलगीत धरत नाही.

"आज मी कोण तुझा?" तो विचारायचा.

"सासरा."

"मग जरा पदर-बिदर सावरून..."

"स्कर्ट घातलाय मी, मामंजी."

*

शनिवारी मार्नी वाहतूक-शाळेत शिकवायची. वेग ओलांडलेल्या, सिग्नल मोडलेल्या मंडळींना आठ तास बसवून नियम ऐकवले की त्यांच्या नावावरचा ठपका पुसला जातो. मंडळींनी घोरू नये म्हणून त्या शहरात हे काम विनोदी नटांना देतात. मार्नी त्यात पटाईत होती. तिच्या वर्गात बसता यावं म्हणून एका आजीबाईंनी दुसऱ्यांदा वेग ओलांडला, अशी बोलवा होती.

फेब्रुवारीतल्या एका शनिवारी ती हजेरी घेत होती. ज्यानं त्यानं उठून आपापला गुन्हा सांगायचा, अशी पद्धत. मागच्या बाकावरून ओळखीचा आवाज आला.

"एमेट लिंडक्विस्ट. थांबायच्या पाटीपाशी थांबलो नाही."

मार्नीच्या हातातला खडू खाली पडला. तिनं तो अगदी सावकाश उचलला.

"का नाही थांबलात, श्रीयुत लिंडक्विस्ट?"

"पाटी दिसली होती. पण डोक्यात दुसऱ्याच कुणाचे संवाद चालले होते."

"कुणाचे?"

"एका बाईंचे. येत्या मंगळवारी त्या येणार आहेत. नवऱ्याला सोडून जायला."

पहिल्या बाकावरच्या आजीबाई मागे वळल्या. "आणि तुम्ही कोण?"

"मी नवरा."

"मग जाऊ देऊ नका हो तिला!" आजीबाई कळवळून म्हणाल्या, आणि सबंध वर्गाचं त्यावर एकमत झालं. वाहतुकीच्या नियमांवर त्या वर्गाचं इतकं एकमत कधीच झालं नव्हतं.

जेवणाच्या सुट्टीत दोघं समोरच्या गाडीवरचे टाको घेऊन फुटपाथच्या कडेला बसली. हे जिन्याबाहेरचं पहिलं बसणं. पाऊस नुकताच थांबला होता. कुणाच्या तरी अंगणातल्या संत्र्याच्या मोहोराचा वास येत होता.

"ह्या वर्गाच्या बाकीच्या तारखा नव्हत्या का?" मार्नीनं विचारलं.

"होत्या. अकरा होत्या." त्यानं टाकोत तोंड घातलं. "शिक्षिका एकच होती."

मार्नीनं विषय बदलला. बदलायला हवाच होता, कारण तिचे गाल तापायला लागले होते.

"मे महिन्यात मला पस्तीस पूर्ण होतात, एमेट. आईला शब्द दिलाय मी. तोवर एखाद्या मालिकेत मोठी भूमिका मिळाली तर ठीक, नाहीतर सामान बांधून टोलीडोला परत. मामाचं विम्याचं ऑफिस आहे तिथं. माझं टेबलसुद्धा ठरलंय, खिडकीजवळचं."

"खिडकीतून काय दिसतं?"

"समोरचं विम्याचं ऑफिस."

ती हसली, तो हसला नाही. "म्हणजे मंगळवार महत्त्वाचा आहे," तो म्हणाला.

"मंगळवार, नाहीतर मग नशिबात असेल तो आणखी एखादा. बस्स."

"मी नीट वाचेन."

"तू नेहमीच नीट वाचतोस."

"तसं नाही... मनापासून वाचेन."

मार्नीनं त्याला तिथंच थांबवायला हवं होतं. पण त्याच्या हनुवटीला चटणीचा एक ठिपका लागला होता, आणि तो आपण पुसावा की नुसतं सांगावं, ह्या विचारात ती गुंतली होती.

*

मंगळवारी टेबलामागे इनेझबरोबर तीन निर्माते होते. भूमिका डॉक्टरच्या बायकोची, मालिका मोठी. मार्नीनं पाठ केलेला नवऱ्याचा निरोप घ्यायला सुरुवात केली, आणि एमेटनं आपलं वाक्य वाचलं—

"तू खरंच निघालीस?"

वाचलं म्हणणं बरोबर नाही. त्याचा आवाज मध्येच कातरला आणि डाव्या डोळ्यात पाणी उभं राहिलं. मार्नी आपलं पुढचं वाक्य विसरली. जन्मात कुणी तिला असं विचारलं नव्हतं. तिनं चाचरत कसाबसा सीन रेटला. पण टेबलामागचे तिघंही चष्मे सावरून स्टुलाकडे बघत होते.

"हा कोण?" त्यातला एक इनेझच्या कानाशी म्हणाला, पण खोलीभर ऐकू गेलं. "त्या प्लंबरच्या भूमिकेला घ्यायचा का ह्याला?"

मग तो मार्नीकडे वळून हसला. "थँक यू."

त्या खोलीत ह्या दोन शब्दांचा अर्थ दार उघडं आहे असा होतो.

ती जिन्यावर उभी होती तेव्हा तो धावत आला.

"मार्नी, मला मदत करायची—"

"मदत? तू रडलास, एमेट! माझ्या सीनमध्ये तू रडलास!"

"एकच थेंब होता."

"कॅमेरा माझ्यावर आणि तीन निर्माते तुझ्या थेंबावर! मला समोर नट नको होता. नट शहरात पैशाला पासरी आहेत. मला तू हवा होतास, नेहमीसारखा!"

"नाही जमलं मला. तू निघालीस असं कागदावर होतं, आणि मग ती विम्याची खिडकी..." 

रागात माणसाला निम्मं ऐकू येतं. मार्नीनं हे निम्मं ऐकलं नाही.

"प्लंबरचं काम तरी घेतलंस का?"

"नको म्हटलं."

"नको म्हटलंस? मूर्खा, तीन वाक्यं होती त्याला!" एवढं बोलून ती जिना उतरली, आणि गाडीत बसल्यावर मग रडली. एकच नाही, बरेच थेंब.

*

दोन आठवडे काहीच घडलं नाही. मग गुरुवारी तिची एजंट मॅक्सीन हिचा फोन आला. सत्तरीच्या मॅक्सीनला 'हॅलो' म्हणायची सवय नव्हती.

"बसलीयेस? बस आधी. मेन राज्यातल्या एका तळ्यावर होडी चालवणारी बाई. माणसं, मेंढ्या, पत्रं, सगळं ह्या काठावरून त्या काठावर नेते. मुख्य भूमिका, पोरी, मुख्य! त्या मागच्या फजितीची टेप कुणीतरी पाहिली. नवऱ्यानं विचारल्यावर तू वाक्य विसरलीस ना, ते तोंड त्यांना आवडलं. आता तिघीच उरल्यात. उद्या वाहिनीच्या साहेबांपुढे शेवटची परीक्षा."

"रीडर कोण आहे?"

"इनेझचाच. का? बदलायचा? तू एकदा म्हण, मी बदलून घेते."

मार्नीनं विचार करायला वेळ मागितला. मॅक्सीननं तो दिला नाही. "नको," मार्नी म्हणाली. "राहू दे."

बरबँकच्या त्या काचेच्या इमारतीत शुक्रवारी सकाळी तिघी जणी व्हरांड्यात बसल्या होत्या, गुडघ्यांवर करारपत्रं घेऊन. ह्या परीक्षेची रीतच तशी. आत जाण्याआधी सात वर्षांच्या करारावर सही करायची. मग साहेबांनी तिघींतली एक ठेवायची आणि दोघींचे करार फाडायचे. नवरी पसंत पडायच्या आधीच तिच्याकडून संसाराची सगळी वचनं घेऊन ठेवण्यातला प्रकार. मार्नीनं नऊ ठिकाणी सह्या केल्या आणि पाण्याच्या यंत्रापाशी उभ्या असलेल्या एमेटकडे गेली.

"आज आत कोण येणार आहे?"

"रीडर," तो म्हणाला. "शपथेवर."

"जमेल?"

त्यानं कागदी पेला चुरगाळला, परत सरळ केला. "मार्नी, आज मला जमलं, तर तू पुन्हा त्या जिन्यावर येणार नाहीस. काम मिळालेली बाई परत येत नाही. मी बघतोय ना वर्षानुवर्षं... आणि नाही जमलं तर टोलीडो. म्हणजे माझं दोन्हीकडून सारखंच."

"म्हणून?"

"म्हणून जमवतो."

तेवढ्यात आतून तिचं नाव आलं.

चौदा माणसं होती आत, आणि हसायचं नाही असं ठरवून आलेली. सीन साधा होता. होडीवाली तळं सोडून शहरात जायचं म्हणते, आणि धक्क्यावरचा माणूस तिला अडवतो. मार्नी बोलली. समोरून उत्तर आलं. सपाट, स्वच्छ, विमानतळावर विमान कितव्या दाराशी लागणार हे सांगावं तसं.

"तू गेलीस तर इथं कोण उरणार?"

आवाजात एक सुरकुती नव्हती. पण त्याची नजर कागदावर नव्हतीच. ती मार्नीवर होती, पहिल्या शब्दापासून. आणि त्याचे कान... लालबुंद झाले होते. हातातला कागद त्यानं गुडघ्याखाली दाबून धरला होता. हा माणूस सगळा जीव गोळा करून काहीही न करण्याचा आटापिटा करत होता. कुणीच तिच्यासाठी एवढे कष्ट घेतले नव्हते.

मार्नीला हसू आलं. कागदावर तिथं 'ती रडते' असं होतं. ती हसली, आणि हसता हसता तिचे डोळे भरून आले, आणि होडीवालीचं पुढचं वाक्य तिच्या तोंडून असं आलं, की ते तिनं पाठ केलंय हे तिलाही आठवेना. "मग तू विचार ना मला थांब म्हणून. धक्क्यावर उभा राहून हवापाण्याच्या गप्पा काय मारतोस?"

 कोपऱ्यातल्या एका साहेबानं नाक शिंकरलं.

एमेटकडे कुणीही बघितलं नाही. 'हा कोण' असं कुणीही विचारलं नाही. मंडळी उठली तेव्हा त्यांतला एक जाता जाता आपला कॉफीचा रिकामा कप त्याच्या हातात देऊन गेला. रीडरच्या धंद्यात ह्याहून मोठं पदक नाही.

दुपारी चारला मॅक्सीनचा फोन आला. ह्यावेळी 'बस' सुद्धा म्हणाली नाही. नुसती ओरडली.

*

मंगळवारी सकाळी इनेझच्या ऑफिसबाहेरच्या खोलीत अकरा बायका बसल्या होत्या. भूमिका न्यायाधीशाची होती, त्यामुळे अकराही जणी काळ्या कोटात. बारावी मार्नी, पिवळ्या स्वेटरमध्ये.

दार उघडून एमेट यादी घेऊन बाहेर आला, आणि नाव वाचायचा थांबला.

"तुझं नाव नाहीये ह्यात."

"माहितीये. परवा निघतेय मी. मेनमधलं तळं शूटिंगसाठी त्यांना कॅनडात सापडलंय. महिनाभर तिकडंच."

"अभिनंदन."

"फोन का नाही केलास?"

"नंबर नाही माझ्याकडे."

"मॅक्सीनकडे होता."

"रीडरनं एजंटला फोन करायचा नसतो."

"बरं, ऐक." मार्नी उभी राहिली. "सात वर्षं मी ऑडिशन द्यायला येणार नाही. म्हणजे वशिल्याची भानगड मिटली. आता तुला जे काय बोलायचंय ते बोल. कागदाशिवाय."

अकरा कागद एकदम खाली आले. कुणी खोटं खोटं पुटपुटायचंही सोंग केलं नाही.

एमेटनं यादीकडे बघितलं. मग ती उलटी करून खुर्चीवर ठेवली.

"मी... म्हणजे असं, की तू परत येशील तेव्हा विमानतळावर मी येऊ का? मला माहितीये तिथं गाडी लावायला जागा मिळत नाही, पण मी पहाटेच... नाही, आधी दुसरं सांगायचं होतं. माझं ना तुझ्यावर... तीन वर्षं झाली. त्या कुत्र्याच्या दिवसापासून. त्याच्याही आधीपासून. आणि मागल्या मंगळवारी—नाही, त्याच्या मागल्याच्या मागल्या—तो थेंब खरा होता. त्यात अभिनय नव्हता. मला येतच नाही अभिनय."

हा आवाज मार्नीनं कधी ऐकला नव्हता. तो सपाट नव्हता आणि भरून आलेलाही नव्हता. शब्द एकमेकांच्या पायात पाय घालून पडत होते. 

"माणूस बरा आहे," खिडकीजवळची पिकल्या केसांची न्यायाधीश शेजारणीला म्हणाली. मग तिनं गळा साफ केला. "पण अहो, मधला भाग सगळा गडबडला. 'माझं तुझ्यावर' म्हणून पुढं काय ते गिळलंतच की! पुन्हा एकदा घ्या."

"आणि जरा मोठ्यानं," कोपऱ्यातून दुसरी म्हणाली.

आतून इनेझचा आवाज आला, "एमेट! पुढची कोण आहे?"

एमेटला तो ऐकू आला नाही. मार्नीनं त्याच्या कोटाची बाही धरली.

"घेईल तो पुन्हा," ती अकरा न्यायाधीशांना म्हणाली. "पण तुमच्यासमोर नाही."

आणि त्याला बाहीनं ओढत ती मागच्या दारानं बाहेर जिन्यावर घेऊन गेली.